एका बाजूचा स्पीकर सारखा बंद पडतो? ॲम्प उघडण्याआधी जोड तपासा

ही तक्रार जवळजवळ नेहमी अशीच येते. डावीकडचा स्पीकर मधूनच बंद पडतो, वायर हलवली की सुरू होतो, काही दिवस नीट वाजतो आणि पुन्हा तेच. कधी तिचं रूप वेगळं असतं: आवाज जरा वाढवला की ॲम्प्लिफायरमधून 'टक्' असा आवाज येतो, दोन्ही बाजू गप्प होतात, समोरचा दिवा लुकलुकायला लागतो. बंद करून पुन्हा चालू केला की सगळं ठीक. दोन्ही वेळा पहिला संशय ॲम्पवर जातो. ॲम्प दुरुस्तीला जातो, तिथल्या टेबलावर तासन्‌तास नीट वाजतो, परत येतो, आणि घरी जोडल्यावर थोड्याच दिवसांत तक्रार हजर. साहजिकच आहे. दुरुस्तीला फक्त ॲम्प गेला होता. वायर, तिची टोकं आणि स्पीकरच्या मागचे जोड घरीच राहिले होते, आणि दोष बहुतेक वेळा तिथेच असतो.

'हलवली की सुरू होते' ही खूण फार मोलाची आहे. तांब्याच्या उघड्या टोकावर हवेने आणि दमटपणाने हळूहळू काळपट थर चढतो. जोड घट्ट असेल तर धातूला धातू भिडलेला राहतो आणि त्या जागी थर धरत नाही. जोड सैल झाला की मधल्या फटीत थर वाढतो आणि संपर्क तुटायला लागतो. वायर हलवली की तो थर थोडासा खरवडला जातो, आवाज येतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण जोड सैलच असतो, त्यामुळे थर पुन्हा धरतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे: स्पीकर गप्प झाला की लगेच वायर हलवू नका. दोष समोर दिसतोय तोवरच त्याची जागा शोधता येते. एकदा आवाज परत आला की पुढच्या वेळेपर्यंत काहीच हाती लागत नाही.

कामाला हात घालण्याआधी ॲम्प बंद करून प्लग काढा, आणि पुढे प्रत्येक अदलाबदलीच्या वेळी हेच करा. चालू ॲम्पच्या मागे वायर काढताना लाल आणि काळं टोक क्षणभर एकमेकांना लागलं तरी ट्रान्झिस्टरचा ॲम्प जळू शकतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प असेल तर धोका उलट दिशेचा असतो. तो स्पीकर न जोडता चालवला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. हा फरक लक्षात ठेवा, कारण खालच्या ज्या चाचण्या स्पीकर सोडवून करायच्या आहेत, त्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवर अजिबात करायच्या नाहीत.

आधी दोन-तीन साध्या गोष्टी बघून घ्या. बॅलन्सचं बटण मधोमध आहे का? स्पीकर निवडायचं बटण योग्य जोडीवर आहे का? हेडफोनचं भोक विसरू नका. बऱ्याच ॲम्पमध्ये हेडफोन लावला की स्पीकर बंद करणारा छोटा खटका त्या भोकातच असतो. त्याच्या पट्ट्यांवर कार्बन धरला की हेडफोन काढलेला असतानाही एक बाजू बंद राहते. हेडफोनचा प्लग काही वेळा आत-बाहेर करून बघा. आवाज परत आला तर दोषाची जागा सापडली.

आता मुख्य चाचणी. तिला कुठलंही उपकरण लागत नाही, फक्त सबुरी लागते. डावी-उजवी बाजू एकसारखी असते, म्हणून एका बाजूची वस्तू दुसऱ्या बाजूला लावायची आणि दोष तिच्यासोबत गेला की मूळ जागीच राहिला ते बघायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर उत्तर मिळालं तरी ते कशामुळे मिळालं ते कळणार नाही.

समजा डावा स्पीकर गप्प आहे. ॲम्पच्या मागे डाव्या टर्मिनलवरची वायरची जोडी उजव्या टर्मिनलवर लावा आणि उजवीकडची डावीकडे. जोडी म्हणजे लाल आणि काळी दोन्ही टोकं. स्पीकरच्या बाजूला हात लावू नका. ॲम्प चालू करून आवाज कमी ठेवून ऐका. खोलीतला तोच डावा स्पीकर अजूनही गप्प असेल, तर ॲम्प निर्दोष आहे. ॲम्पची चांगली बाजू मिळूनही तो वाजत नाही, म्हणजे दोष वायरमध्ये किंवा त्या स्पीकरमध्ये. उलट आता डावा वाजायला लागला आणि उजवा गप्प झाला, तर दोन्ही स्पीकर आणि दोन्ही वायरी ठीक आहेत. दोष ॲम्पमध्ये किंवा त्याच्याही मागे, म्हणजे प्लेयर किंवा प्लेयरपासून येणाऱ्या वायरमध्ये आहे.

पहिलं उत्तर आलं असेल, तर आता वायरी जागच्या जागी ठेवून फक्त स्पीकर अदलाबदल करा. गप्प बसणं स्पीकरबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर स्पीकर दोषी, त्याच बाजूला राहिलं तर वायर. दुसरं उत्तर आलं असेल, तर स्पीकरच्या वायरी मूळ जागी लावा आणि ॲम्पच्या इनपुटला लागलेल्या लाल-पांढऱ्या पिना एकमेकांच्या जागी घाला. दोष बाजू बदलून गेला तर तो प्लेयरमध्ये किंवा त्या केबलमध्ये आहे. नाही गेला, तर मात्र ॲम्पच. प्लेयर की केबल हे ठरवायला त्याच पिना प्लेयरच्या टोकाला बदलून बघा, किंवा दुसरी केबल लावा.

दोष अधूनमधून येणारा असेल तर अदलाबदल करून लगेच निकाल देऊ नका. जोड काढून लावल्यानेच आवाज परत आलेला असू शकतो. बदललेल्या स्थितीत नेहमीसारखं वाजवत राहा आणि पुढच्या वेळी कुठली बाजू जाते त्याची वाट बघा. इथेच बहुतेकांची सबुरी सुटते आणि इथेच खरं उत्तर मिळतं.

आता वायरच्या टोकांकडे वळू. माझ्या मते या समस्येतली सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्यायला हवी. चारही टोकं बाहेर काढा आणि चांगल्या उजेडात बघा. दोन ॲम्पकडची, दोन स्पीकरकडची, आणि प्रत्येकात लाल-काळी जोडी. स्पीकरच्या मागे कोणी सहसा वाकून बघत नाही, म्हणून तिथली टोकं हमखास जास्त वाईट असतात.

काय बघायचं? एक, सुटलेला धागा. बारीक तांब्याचा एकच केस शेजारच्या टर्मिनलला किंवा ॲम्पच्या धातूच्या पाठीला टेकत असेल तर तो शॉर्टच. कमी आवाजात कदाचित काही होणार नाही, आवाज वाढवला की ॲम्प टक् करून बंद होईल. दोन, टर्मिनलमध्ये अडकलेलं आवरण. दाबाच्या खटक्यात वायर खोल खुपसली की धातूऐवजी प्लॅस्टिक दाबलं जातं. ओढून बघितलं तर घट्ट वाटतं, पण आत तांबं नुसतं टेकलेलं असतं. तीन, रंग. तांबं काळपट किंवा हिरवट झालं असेल, कळंक चढला असेल, तर तो भाग कापून टाका. पारदर्शक आवरणाच्या वायरीत हा हिरवेपणा कधी कधी आतपर्यंत पसरलेला दिसतो. लांबवर गेला असेल तर टोकं कापत बसू नका, वायरच बदला.

नवीन टोक सोलताना साधारण १० ते १२ मिमी तांबं उघडं ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर टर्मिनलच्या बाहेर उघडं राहतं. सोलताना ब्लेड धाग्यांना लागू देऊ नका, कारण खाच पडलेला धागा पुढे तिथेच तुटतो. धाग्यांना मुळात ज्या दिशेने पीळ आहे त्याच दिशेने घट्ट पीळ द्या. स्क्रूच्या टर्मिनलला वायर गुंडाळायची असेल तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे आवळताना वायर आत ओढली जाते. उलटी गुंडाळली तर आवळताना बाहेर ढकलली जाते. बोटांनी पूर्ण आवळा. पक्कड लावून आवळलं तर प्लॅस्टिकच्या पाठीत बसवलेलं अख्खं टर्मिनल फिरतं आणि आतली वायर तुटते. काही दिवसांनी पुन्हा एकदा आवळून घ्या, कारण दाबाखाली धागे बसतात आणि जोड थोडा सैल होतोच.

टोकाला सोल्डर लावून 'पक्कं' करण्याची सवय फार पसरलेली आहे. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. ते मऊ असतं, सततच्या दाबाखाली हळूहळू पसरतं आणि जोड आपोआप ढिला पडतो. आवळलेला जोड महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सैल होत असेल तर टोकाला सोल्डर आहे का ते जरूर बघा. उघडं पिळलेलं तांबं किंवा दाबून बसवलेली धातूची टोपी यापेक्षा केव्हाही बरी.

बनाना प्लग (वायरच्या टोकाला बसवून टर्मिनलच्या भोकात खुपसायच्या पिना) चांगले, पण डोळे झाकून विश्वास ठेवण्याइतके नाहीत. वायर त्या प्लगमध्येही बहुतेक वेळा स्क्रूनेच आवळलेली असते, आणि तो स्क्रू सैल झाला की वरून सगळं घट्ट दिसतं पण आत संपर्क तुटलेला असतो. प्लग ४ मिमीचा असतो. टर्मिनलचं भोक बुजलेलं दिसलं तर त्यात लाल-काळी बुचं बसवलेली असतील. युरोपातल्या सुरक्षेच्या गरजेपायी ती बसवली जातात, टोकदार वस्तूने बाहेर काढता येतात.

वायरच्या जाडीबद्दल खूप गूढ बोललं जातं. हिशोब साधा आहे. करंट जातो आणि परत येतो, म्हणून १० मीटर अंतराला २० मीटर तांबं मोजायचं. त्याचा विरोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), ०.७५ चौ. मिमी वायरीत सुमारे ०.४६ ओहम, १.५ चौ. मिमीत ०.२३ आणि २.५ चौ. मिमीत ०.१४ ओहम भरतो. स्पीकरवर छापलेल्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत वायरचा विरोध ठेवायचा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरला ०.४ आणि ४ ओहमच्या स्पीकरला ०.२ ओहम. दोन-तीन मीटर अंतरासाठी मध्यम जाडीची कुठलीही तांब्याची वायर पुरते. मात्र ती खरंच तांब्याची असू द्या. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर भरपूर विकली जाते. एखादा धागा ब्लेडने खरवडा. आत पांढुरकं दिसलं तर तीच. तिचा विरोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो, पण आपल्या तक्रारीच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट अशी की तिचे धागे वाकवल्यावर लवकर तुटतात. काढ-घाल होणाऱ्या टोकाशी एकेक करून धागे तुटत जातात, आवरण शाबूत दिसतं, आणि स्पीकर मर्जीप्रमाणे वाजतो.

मल्टिमीटर असेल तर आता त्याचा उपयोग करा. ॲम्प बंद, वायरी ॲम्पपासून सोडवलेल्या, स्पीकरकडे जोडलेल्याच. मीटर ओहमच्या सगळ्यात खालच्या पट्टीवर ठेवून लाल आणि काळ्या टोकांमध्ये मोजा. ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ च्या आसपास दाखवेल, ४ ओहमचा ३ ते ३.५. छापील आकड्यापेक्षा कमी दिसलं म्हणून घाबरू नका. मीटर डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर मोजतो आणि तिथे आकडा कमीच येतो. आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची आहे. एक बाजू ६.३ आणि दुसरी ६.४ असेल तर ठीक, एक ६.३ आणि दुसरी ९ किंवा सारखी नाचत असेल तर जोड खराब. अनंत दाखवलं तर वायर किंवा स्पीकरच्या आतली कॉइल तुटलेली, शून्याजवळ दाखवलं तर कुठेतरी शॉर्ट. मीटर लावलेला ठेवून कोणाला तरी वायर टोकापासून टोकापर्यंत हळूहळू वाकवत न्यायला सांगा. आकडा जिथे उडी मारेल तिथे तुटलेले धागे आहेत.

टक् करून दोन्ही बाजू बंद होणं, म्हणजे ॲम्पचं 'प्रोटेक्ट'मध्ये जाणं. ते ॲम्प बिघडल्याचं लक्षण असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो स्वतःला वाचवत असतो. शॉर्ट, फार कमी ओहम, जास्त तापणं, किंवा आउटपुटवर डीसी येणं ही त्याची चार मुख्य कारणं. ट्रान्झिस्टरचा ॲम्प असेल तर सगळे स्पीकर सोडवून तो चालू करा. काहीही न जोडताही प्रोटेक्टमध्ये गेला तर दोष आत आहे, पुढची खटपट नको. शांत राहिला तर एकेक जोडी लावत जा.

ओहमचा हिशोब इथे नडतो. ८ ओहमचे दोन स्पीकर एकाच टर्मिनलवर लावले की ॲम्पला ४ दिसतात, ४ चे दोन लावले की २. ओहम निम्मे झाले की करंट दुप्पट मागितला जातो. 'ए' आणि 'बी' अशा दोन जोड्या एकदम चालवल्या की बऱ्याच ॲम्पमध्ये हेच घडतं. मागच्या बाजूला छापलेलं असतं: एकच जोडी असेल तर ४ ओहमपासून चालेल, दोन्ही चालवायच्या तर प्रत्येक स्पीकर ८ ओहमचा हवा. ती ओळ वाचा आणि पाळा. शिवाय छापील आकडा म्हणजे किमान नव्हे. आयईसी ६०२६८-५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे स्पीकरचा विरोध एखाद्या सुरावर छापील आकड्याच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरू शकतो, म्हणजे ८ चा ६.४. तासाभराने बंद पडतो आणि थंड झाल्यावर चालतो अशी तक्रार असेल, तर ॲम्पच्या वर काय ठेवलंय ते बघा आणि वरची जागा मोकळी करा.

एक सावधगिरी. काळं टर्मिनल म्हणजे अर्थिंग, असं समजून दोन्ही बाजूंची काळी टोकं एकत्र जोडू नका. अनेक डिजिटल प्रकारच्या छोट्या ॲम्पमध्ये लाल आणि काळ्या दोन्ही टोकांवर सिग्नल असतो, आणि काळी टोकं जोडली की ॲम्प जळू शकतो. काही स्पीकर निवडायच्या पेट्यांमध्ये ही टोकं आतून एकत्र केलेली असतात. अशी पेटी मध्ये असेल तर ती काढून थेट जोडून बघा.

अदलाबदलीत दोष ॲम्पमध्येच निघाला, तरी तो लगेच मोठा समजू नका. कमी आवाजात एक बाजू जाते किंवा फाटकी ऐकू येते, आणि आवाज क्षणभर वाढवला की लख्ख परत येते, असं होत असेल तर बहुतेक आतल्या रिलेवर (विजेने उघडझाप होणाऱ्या खटक्यावर) कार्बन धरलाय. ॲम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' होतं तोच हा रिले. तो बदलून घ्यावा. पॉलिश पेपरने घासून तात्पुरतं चालतं, पण संपर्काचा मुलामा निघून जातो आणि दोष लवकर परततो. त्याआधी ॲम्प बंद असताना स्पीकर निवडायचं बटण बऱ्याच वेळा दाबा-सोडा, आवाजाचं आणि बॅलन्सचं बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. अनेकदा तेवढ्यावर भागतं. जुन्या काही ॲम्पच्या मागे प्रीआउट आणि मेन-इन या भोकांना जोडणाऱ्या यू आकाराच्या धातूच्या पट्ट्या असतात. त्या काळवंडल्या किंवा सैल झाल्या तरी एक बाजू जाते. बंद ॲम्पवरच त्या काढा, पुसा, घट्ट बसवा. चालू असताना काढल्या तर स्पीकरला जोरदार दणका बसतो.

स्पीकर पूर्ण बंद नाही, पण नुसता बारीक किंवा नुसता जाड आवाज येतोय? मागे चार टर्मिनल असतील तर वरची आणि खालची जोडी जोडणारी पत्र्याची पट्टी सैल झालेली असू शकते. ती आधी आवळून बघा.

एवढी काढ-घाल झाल्यावर एखादी जोडी उलटी लागण्याची शक्यता खूप असते. लाल-काळं उलटलं तर काही जळत नाही. एक पडदा बाहेर येताना दुसरा आत जातो, खालचे सूर एकमेकांना खातात, आणि गायकाचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध येण्याऐवजी खोलीभर पसरल्यासारखा वाटतो. मोनोचं (दोन्ही स्पीकरना एकच आवाज देणारं) बटण दाबून गाणं ऐका. मग एकाच स्पीकरची जोडी उलटून ऐका. आवाज ज्या स्थितीत मधोमध आणि भरीव येतो ती बरोबर. वायरवर खूण नसेल तर ती ॲम्पपासून सोडवून १.५ व्होल्टचा सेल टोकांना क्षणभर टेकवा. धन टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलकडे गेलं असेल तर मोठा पडदा बाहेर सरकतो. पडदा हललेला दिसला की सेल लगेच काढा.

ॲम्प दुरुस्तीला न्यायचाच असेल तर ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर शेवटची एक मोजणी करा. स्पीकर सोडवलेले, आवाज शून्यावर, मीटर डीसी मिलीव्होल्टवर, ॲम्पच्या लाल-काळ्या टर्मिनलमध्ये. मीटरच्या पिना लावताना त्या एकमेकींना टेकू देऊ नका. काही डझन मिलीव्होल्टपर्यंत चालतं. १०० च्या वर गेलं तर दुरुस्ती हवी. व्होल्टमध्ये दिसलं तर त्या बाजूला स्पीकर जोडूच नका, त्याची कॉइल जळेल. हा आकडा, कुठली अदलाबदल केल्यावर दोष कुठे गेला, आणि तो थंड असताना येतो की तापल्यावर, एवढं एका कागदावर लिहून ॲम्पसोबत द्या. नुसतं 'मधूनच बंद पडतो' म्हटलं तर दुरुस्ती करणाऱ्यालाही तो टेबलावर वाजताना बघत बसण्यापलीकडे काही करता येत नाही.